इनासबाबांची रंगपरीक्षा

एखादा मनुष्य आपली जीवापाड जपलेली वस्तू हयातीतच दुसऱ्याच्या हाती सोपवतो, तेव्हा देणाऱ्याचे कर्तव्य संपते आणि घेणाऱ्याचे सुरू होते, असे मी पुष्कळ वर्षे मानत आलो होतो. वस्तू जपावी, तिच्यावर देणाऱ्याची जी खूण असेल ती पुसू देऊ नये, एवढाच त्या कर्तव्याचा अर्थ मला ठाऊक होता. तो अर्थ किती अपुरा आहे हे मला सावंतवाडीत, सालईवाड्यातल्या एका ओसरीवर, ड्रमला कोणता रंग लावावा या प्रश्नाच्या निमित्ताने कळले.

"घेऊन जा गे चेडवा," इनासबाब माझ्या मुलीला म्हणाले. "माझ्याकडे आता हेंचा काय काम?"

ऋजुता जागच्या जागी उभी राहिली. ओसरीच्या कोपऱ्यात तो संच मांडलेला होता. एक मोठा ड्रम जमिनीवर आडवा, पायाच्या पट्टीने वाजवायचा. भोवती लहानमोठे चार, काठ्यांनी वाजवायचे. आणि वर दोन पितळी थाळ्या. लाकडी खोडांचा रंग कोकमाच्या आगळासारखा गडद होता, पण जागोजाग त्याला भेगा गेल्या होत्या, खपल्या निघाल्या होत्या, आणि मोठ्या ड्रमच्या खालच्या अंगाला उघडे लाकूड दमटपणाने काळे पडू लागले होते.

"खरंच देताय?" तिने विचारले.

"मगे काय नाटक करतंय? पण असोच न्हेवचो नाय. जुनो रंग उतरवायचो, नवो लावायचो, आणि मगच ह्या घराच्या पायऱ्या उतरायच्यो. रंग मात्र मी पास करीन तोच."

"तुम्ही सांगाल तो लावू, इनासबाब."

"मी सांगूचंय नाय. तू शोध. मी फकत हो म्हणान, नायतर नाय म्हणान."

इनास रॉड्रिग्ज हे आमच्या गावातल्या चर्चच्या फेस्तांत, म्हणजे सणांत, आणि लग्नांत उभी हयात ड्रम वाजवलेले गृहस्थ. मी तेथल्या शाळेत संस्कृत शिकवीत असे. आमची गाठ पडण्याचे तसे काही कारण नव्हते. ऋजुता शाळकरी असताना घरी परतताना त्यांच्या कुंपणाशी थांबून डब्याच्या झाकणावर बोटांनी ठेका धरी. ते पाहून त्यांनी तिला आत बोलावले, आणि त्या दिवसापासून ती त्यांची शिष्या झाली. मी वर्गात वृत्ते शिकवीत असे, लघुगुरूंच्या खुणा फळ्यावर मांडीत असे. पण माझ्याच मुलीच्या अंगात लय उतरवली ती त्यांनी. आमच्याकडून चहाच्या कपापलीकडे त्यांनी कधी काही स्वीकारले नाही. दक्षिणेचा विषय काढला की म्हणत, "मास्तरांनू, तुमची चाय गोड असता, तीच माझी दक्षिणा."

मग त्यांना कंपवात झाला. प्रथम कपबशी वाजू लागली, पुढे काठी बोटांतून निसटू लागली. ज्या दिवशी त्यांनी तो संच ऋजुतेला देऊ केला, त्या दिवशीही बोलताना त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

विद्यापीठाच्या युवक महोत्सवात तालवाद्याच्या एकल वादनासाठी ऋजुतेची निवड झाली होती. महाविद्यालयापाशी संच नव्हता आणि गावात दुसरा कुठे नव्हता. दिवाळीच्या सुट्टीआधी हा संच रंगून तयार झाला तर ती जाणार, नाही तर नाही. म्हणून मी तेथेच म्हणालो, "इनासबाब, रंगाचे काम माझ्याकडे द्या. निदान एवढी दक्षिणा तरी घ्या."

ते हसले. "बरा. पण परीक्षा मी घेतलंय तर रागावूचा नाय. तुम्ही काय कमी पोरांक नापास केल्यात?"

नापास केलेल्यांपैकीच एकाकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो. भाई मेस्त्रीचे गाड्या रंगवण्याचे गॅरेज झारापच्या वाटेवर होते. तोंडाळ, पण हाताचा सफाईदार मनुष्य. हकिगत ऐकून तो म्हणाला, "सर, संस्कृतात तुम्ही माका नापास केलास. रंगात मी नापास होवचंय नाय. असो रंग मारतंय, की ड्रम फुटात पण रंग जावचो नाय."

"तसाच हवा," मी म्हणालो. "अक्षय."

"ह्या बगा, अक्षय म्हटल्यावर माका कळला. नायतर तुमचा अर्ध्याक अर्धा माझ्या डोक्यावरून जाता."

त्याने आंब्याच्या लाकडाची एक फळी घासून गुळगुळीत केली आणि तिच्यावर तीन पट्टे ओढले. पहिला, फाटकांना लावतात तो तैलरंगाचा. दुसरा, मोटारींना मारतात त्या डुकोचा. तिसरा, दोन डब्यांतली द्रव्ये ऐनवेळी एकत्र करून मारायच्या महागड्या रंगाचा; त्याची चकाकी पाहून ऋजुतेने त्यात आपला चेहरा न्याहाळला. पट्टे पुरते वाळल्यावर आम्ही तिघे फळी घेऊन सालईवाड्यात गेलो.

इनासबाबांनी फळी मांडीवर घेतली. रंगांकडे त्यांनी पाहिले न पाहिल्यासारखे केले. घरातून एक तपकिरी बाटली आणि जुन्या सदऱ्याचे फडके त्यांनी मागवले. फडक्यावर बाटलीतले द्रव ओतताच ओसरीभर उग्र वास पसरला.

"इनासबाब, सकाळच्या पारी?" भाईने नाक मुरडले.

"पॉलिशचा स्पिरिट आसा रे मेल्या. पिवन बग. मगे तुझ्या गॅरेजाक मालक शोधूचो लागात."

ते पहिल्या पट्ट्यावर फडके फिरवू लागले. हात थरथरत होता, तरी ते नेटाने घासत होते. मग दुसरा पट्टा, मग तिसरा. प्रत्येक वेळी फडके उजेडात धरून पाहत. फडके जसेच्या तसे राहिले. रंगाचा कण म्हणून त्याला लागला नाही.

भाईची छाती फुगली. "बगलास? रेघ नाय, डाग नाय. कोकणातलो पाऊस ह्या रंगाक काय करूचो नाय."

इनासबाबांनी फळी त्याच्या हाती परत दिली. "नाय."

"काय नाय?"

"ह्यातलो एकय चलाचो नाय."

"अवो, पण कित्याक? रंग हाललो?"

"दुसरो दाखय."

भाई माझ्याकडे पाहू लागला. मी ऋजुतेकडे पाहिले. ती म्हणाली, "छटा आवडली नसेल. आपण दुसरी करू."

दुसरी फळी झाली. या वेळी निळा, हिरवा, शेंदरी असे पट्टे आले, आणि द्रव्येही वेगळी. इनासबाबांनी पुन्हा फडके मागितले, पुन्हा घासले, पुन्हा उजेडात धरले. रंग जागचा हलला नाही आणि इनासबाब मानेनेच नाही म्हणाले. भाईचा संयम सुटला. "ह्यो कसलो मास्तर! बरोबर उत्तर लिवला तरी शून्य देता. सर, तुम्ही परवडलास. तुम्ही निदान तांबडी रेघ खय मारलास ता तरी दाखवीत होतास."

त्या संध्याकाळी ऋजुतेला एक कल्पना सुचली. जेवताना ती म्हणाली, "बाबा, ते स्वतःचा रंग उतरवायला सांगतात, पण त्यांना ते नकोच असेल. इतकी वर्षं त्या रंगाकडे बघत वाजवलंय त्यांनी. आपण तो काढूच नये. भेगा भरून घेऊ, आणि वरून काचेसारखं पारदर्शक कठीण रोगण देऊ. खाली त्यांचा रंग तसाच कायम राहील. कुणाला कधी पुसता येणार नाही."

मला ते ऐकून धन्य वाटले. शिष्येने गुरूची खूण अशी जपावी यापरते काय हवे? तिच्या आईनेही मान डोलावली. "हे मात्र त्यांना सांगताना तू सांग," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलं तर त्यात समास यायचे."

ऋजुतेने सांगितले. इनासबाब आरामखुर्चीत होते. ऐकता ऐकता त्यांची मुद्रा कठोर होत गेली. इतक्या वर्षांत त्यांना तिच्यावर रागावलेले मी पाहिले नव्हते.

"म्हणजे माका बाटलेत भरून वरसून झाकण लावतलास," ते म्हणाले. "लिंबाच्या लोणच्यासारख्या. आणि तू जल्मभर त्या बरणीर काठयो मारीत बसतलं."

"तसं नाही, इनासबाब. तुमची आठवण म्हणून..."

"माझी आठवण तुझ्या मनगटात घातलंय मी. ती लाकडार चिकटवू नको." त्यांनी मान दुसरीकडे वळवली. "जा आता. रंग गावलो की ये."

 परतताना घराच्या पायरीशी आल्यावर ऋजुतेने विचारले, "बाबा, त्यांना द्यायचं नाहीये का मला?"

माझ्याही मनात तेच घोळत होते. मनुष्य उदारपणे शब्द देऊन जातो, आणि मग तो शब्द पाळण्याची वेळ आली की काळीज ती वस्तू धरून बसते. यात त्याला दोष कसा द्यावा? रंग पसंत न पडणे ही नकार देण्याची सभ्य रीत असावी, असे मला वाटू लागले. महोत्सव जवळ आला होता. त्यांना अवघड स्थितीत ठेवून आपण वस्तू पदरात पाडून घेत आहोत, ही कल्पना मला सोसवेना.

"आपण त्यांना शब्दातून मोकळे करू," मी म्हणालो.

"म्हणजे मी महोत्सवाला जायचं नाही."

"या वर्षी नाही."

तिने चपला काढून कडेला नीट लावल्या. मग म्हणाली, "चालेल. पण ते स्वतःहून म्हणाले होते, बाबा. मी मागितलं नव्हतं." आणि आत निघून गेली.

पुढच्या रविवारी, इनासबाब चर्चमधल्या प्रार्थनेहून परतण्याच्या सुमारास, आम्ही गेलो. भाईही आपल्या फळ्या घेऊन जाण्यासाठी आला होता आणि पायरीवर बसून कुणाला उद्देशून नव्हे अशा रीतीने पुटपुटत होता. इनासबाब पांढऱ्या स्वच्छ सदऱ्यात बसले होते. ऋजुता त्यांच्याशी नेहमीसारखे बोलली नाही. ती सरळ कोपऱ्यात गेली आणि संचावर साचलेली धूळ झाडू लागली. जणू निरोप घेण्याआधी घर आवरून ठेवावे.

मी शब्द जुळवून आणले होते. "इनासबाब, आपण आमच्या मुलीला जे दिलेत त्याचे मोल आम्हाला ठाऊक आहे. हा संच आपल्यापाशीच राहावा असे आपल्या मनात असेल, तर दिलेला शब्द आपण सुखाने परत घ्यावा. आमच्या मनात किंतु येणार नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "परत घेव? कोणी सांगला तुमका?"

"कुणी नाही. पण प्रत्येक रंगाला आपण नाही म्हणता, त्यावरून..."

तेवढ्यात कोपऱ्यातून ऋजुतेची किंकाळी आली. "बाबा!"

आम्ही तिघेही उठलो. ती मोठ्या ड्रमपाशी गुडघ्यांवर बसली होती. हातात ते परीक्षेचे फडके होते. धूळ पुसायला दुसरे काही न सापडल्यामुळे तिने तेच उचलले होते, आणि चिकट काळा डाग निघेना म्हणून बाटलीतले थोडे स्पिरिटही त्यावर घेतले होते. फडके कोकमासारखे लाल झाले होते. तिचे तळहातही. आणि ड्रमच्या अंगावर जेथे तिने घासले होते तेथे, स्वच्छ फिकट लाकूड उघडे पडले होते.

"मी तुमचा रंग घालवला," ती म्हणाली. तिला रडू फुटले. "इनासबाब, मी मुद्दाम नाही केलं. नुसतं पुसलं, आणि तो आलाच हातावर..."

मी पुढे सरसावलो. पण माझ्याआधी भाई मेस्त्री पोचला. त्याने ते फडके तिच्या हातून घेतले, हुंगले, चिमटीत चोळले, आणि कपाळावर हात मारला.

"चपडो! अवो, ह्यो चपड्याचो रंग! लाखेचो. स्पिरिटान ह्यो जातलोच. म्हणजे इनासबाब, तुम्ही रंग टिकता काय ता बघी नव्हतास, जाता काय ता बघी होतास!"

 इनासबाब ऋजुतेच्या शेजारी सावकाश खाली बसले. स्क्रू धरणारा एक लोखंडी तुकडा ड्रमच्या अंगावर होता. ते त्याला कान म्हणत. त्याकडे बोट करून ते म्हणाले, "हो कान सोडव."

तिने डोळे पुसले आणि पान्याने तो कान सोडवला. त्याच्याखाली, जेथे कुणाचे फडके कधी पोचले नव्हते, नाण्याएवढा हिरवा डाग होता. शेवाळासारखा गडद हिरवा.

"हा कुणाचा?"

"बेनितचो. माका ज्यान शिकवल्यान तो. माझा लगीन होवच्या आदी ह्यो संच तेचो होतो. तेना माका दिल्यान, तेवा स्पिरिट घेवन बसलो आणि आपलो रंग पुसूक पयलो हात तेनाच मारल्यान. मगे माझ्या हातात फडका दिल्यान."

तिने तो हिरवा डाग बोटाने चाचपला. त्याच्या कडेला आणखी काहीतरी होते. ती वाकून पाहू लागली. "इथे तांबडं पण आहे. अगदी थोडं."

"असतला. बेनितच्या आदलो कोणतरी. नाव माका ठावक नाय. बेनितकय ठावक नव्हता. खंयच्यातरी बँडवालो, गोव्याकडचो."

 दरवर्षी भाद्रपदात मातीची पार्थिव मूर्ती आणून मी स्वहस्ते तिची पूजा बांधीत आलो होतो, आणि तिला माती का लागते, पाण्यात विरघळणारीच का लागते, हे विद्यार्थ्यांना सांगतही आलो होतो. ओसरीवर त्या क्षणी मला आपल्याच तोंडचे ते शब्द नव्याने ऐकू आले.

"पण हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितले असते तर?" मी विचारले. "एका वाक्याचे काम होते."

इनासबाब ऋजुतेकडे न पाहता माझ्याकडे पाहून बोलले, आणि आवाज खाली आणून बोलले, जणू ती तेथे नव्हतीच. "मास्तरांनू, ह्या चेडवाचो हात आता खंय सुरू होता. माझो थांबलो. जो सुरू होता तेका थांबण्याची गोष्ट पयल्याच दिवशी कशी सांगू? तू लाव रंग, पण असो लाव की एक दिवस तुका काढूक येयत, असा मी ह्या तोंडान तिका कसा म्हणू? दोनदा बोलूक गेलंय. शब्द भायर येय नाय. म्हटला, आपणान सोधून काढीत तर बरा."

ऋजुतेने सर्व ऐकले होते. फडके मांडीवर ठेवून तिने विचारले, "बेनितबाब का थांबले?"

"पाय गेलो तेचो. पट्टी दाबूक येय नाय."

"ते थांबले नसते तर तुम्हाला हा मिळाला असता?"

"मिळतलो कसो?"

"मग तुम्ही कुणाच्या संचावर शिकला असता? आणि मी?"

इनासबाबांनी तिच्याकडे पाहिले.

"एवढंच होतं, तर सांगायचं ना," ती म्हणाली. तिच्या गालांवर कोकमाच्या रंगाचे ओघळ आले होते, पण आवाजात तिचा नेहमीचा खट्याळपणा परतला होता. "मला वाटलं, माझं वाजवणं तुम्हाला आवडेनासं झालं. आठवडाभर जेवले नाहीये मी धड."

"मेले, माका सांगूचा मां ता!"

"तुम्ही मला सांगितलंत?"

भाई मेस्त्री पायरीवर जाऊन बसला होता. तेथूनच म्हणाला, "दोघांनीव सांगूक नाय, आणि माझ्यो दोन फळयो फुकट."

त्यावर इनासबाब हसले. पोट धरून हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि मग ऋजुतेपुढे हात केला. तिने फडके ओले करून त्यांच्या हातात दिले.

त्या संचाच्या घराण्याची ती रीत होती: पहिला हात जुन्या वादकाने मारायचा. जो हात काठी धरण्याच्या कामातून गेला होता तोच हात आता लहान लहान वर्तुळांत थरथरत लाकडावर फिरू लागला, आणि त्या थरथरण्यानेच रंग सफाईने सुटू लागला. त्यांना काही करावे लागत नव्हते. हात टेकवून ठेवणे एवढेच. कोकमाचा तो रंग फडक्यात उतरताना ते स्वस्थपणे पाहत होते. वीतभर जागा मोकळी झाल्यावर त्यांनी फडके ऋजुतेच्या हातात दिले.

"आता तू. मी जरा चाय पितंय."

कानांखालचे हिरवे आणि तांबडे डाग त्यांनी पुसू दिले नाहीत. कोकमाचेही तेवढे ठिपके तेथे तसेच राहिले.

लाकडी खेळणी रंगवणाऱ्यांच्या चितार आळीतून चपडा आणि लाखेच्या कामात चालणारे रंग भाईनेच आणले. हे काम आपल्या शानीला शोभणारे नाही असे बोलत बोलतच त्याने ते मनापासून केले. "जावच्यासाठी रंग लावणारो मी सगळ्या जिल्ह्यात पयलो," तो म्हणे. "आणि आगाऊ सांगतंय, पावसात ह्यो पांढरी झाक धरतलो. मगे माझ्या नावान बोंबलूचा नाय."

"धरूदे," इनासबाब म्हणाले. "पुसून परत एक हात द्यायचो. वस्तू हातात आसा तवसर तिका हात लावीत रवूचा लागता."

रंग कोणता हे मात्र ऋजुतेने ठरवले. इनासबाबांनी त्यात तोंड घालायचे नाही असा त्यांचा स्वतःचाच नियम होता, आणि तो पाळताना त्यांना किती कष्ट पडत होते ते दिसत होते. तिने पिकलेल्या सुपारीच्या सालीचा केशरी निवडला. चपड्याच्या अंगच्या पिवळसर झाकेत तो असा मिसळला, की खोडातून ऊन पडल्यासारखे वाटे. भाईने कापडाच्या बोळ्याने पातळ हात दिले, एकावर एक, प्रत्येक हात वाळू देऊन. एकदा त्याचा बोळा ड्रमच्या कडेवर, जेथे वाजवायचा पडदा टेकतो तेथे गेला, तेव्हा इनासबाब खुर्चीतून ओरडले, "थय नाय रे! थय रंग घातलस तर आवाज मरतलो!" भाई दचकला आणि बोळा मागे घेऊन म्हणाला, "आज पैल्यांदा कारण सांगितलास. उपकार झाले."

संच जोडून झाला त्या दिवशी टेम्पो दाराशी उभा होता. इनासबाब म्हणाले, "भरूच्या आदी एकदा वाजय. बसलो काय नाय ता कळात."

ऋजुता बसली. काठ्या हातात घेऊन ती क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांनी हात मांडीखाली दाबलेले नव्हते. ते गुडघ्यांवर उघडे होते आणि मुक्तपणे थरथरत होते. तिने पायाची पट्टी दाबली, आणि मोठ्या ड्रमचा खोल, भरीव नाद ओसरीच्या लाद्यांतून आमच्या तळपायांत आला. रंग पातळ असल्यामुळे की जुने लाकूड मोकळे झाल्यामुळे ते मला सांगता येणार नाही, पण तसा नाद त्या संचातून मी पूर्वी ऐकला नव्हता. तिने प्रथम सावकाश ठेका धरला, मग त्यात भर घालत गेली, आणि एका वळणावर तिने असे काही वाजवले की इनासबाबांनी चमकून मान वर केली.

ती थांबल्यावर त्यांनी विचारले, "ह्या खय शिकलस? ह्या मी तुका शिकवूक नाय."

"तुम्ही नाही शिकवलंत," ती म्हणाली. "आत्ता आलं."

 ते म्हणाले, "बरा झाला रंग काढलो ता." आणि टेम्पोवाल्याला हाक मारली, "उचला रे! सावकाश! आपटलास तर बगा."

महोत्सवात ऋजुतेचा दुसरा क्रमांक आला. इनासबाबांना तो निर्णय मान्य नव्हता, आणि पुढे कित्येक महिने त्यांनी परीक्षकांविषयी जे शब्द वापरले ते मी येथे लिहीत नाही. त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. त्यांच्या अखेरच्या आजारात ऋजुता त्यांच्याजवळ होती. त्यांचे हात तिने आपल्या हातांत धरले होते, आणि त्या थरथरण्यातही तिला लय जाणवत होती असे ती सांगते. आता तिचीही केसांची कड रुपेरी झाली आहे. संच तिच्यापाशी आहे, ती वाजवते, शिकवते, आणि दर पावसाळ्यानंतर केशरी रंगाला नवा हात देते.

मी ऐंशी ओलांडली आहे. संध्येला बसल्यावर ज्यांची नावे मनाशी येतात, त्यांत माझ्या पितरांच्या जोडीने इनास रॉड्रिग्ज यांचे नाव येते, त्यांच्या गुरूचे, बेनितचे, येते, आणि ज्याचे नाव बेनितलाही ठाऊक नव्हते त्या तांबड्या रंगाच्या वादकालाही मी नमस्कार करतो. भाई मेस्त्रीला दीर्घ आयुष्य लाभो. त्याचा हात आणि त्याची जीभ दोन्ही अशीच चालती राहोत. माझ्या मुलीच्या मनगटात बळ राहो. आणि जो किंवा जी अद्याप कुठेतरी डब्याच्या झाकणावर बोटे वाजवीत असेल, किंवा जन्मलेच नसेल, त्या पुढच्या वादकाला आपला रंग निवडताना पुरेसा उजेड मिळो, आणि समोर बसून तो पाहणारे कुणी प्रेमाचे माणूस मिळो. सर्वांचे कल्याण असो.